काकूचा कान

मुंगीला घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या बाई मुंगीशी चकार शब्द बोलत नाहीत, हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. त्या घोडीशी बोलत होत्या.

मुंगी म्हणजे माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. अंगानं एवढीशी, आणि स्वतःपेक्षा मोठं खोगीर डोक्यावर घेऊन पागेपासून रिंगणापर्यंत तुरुतुरु चालत जायची, म्हणून क्लबातल्या लोकांनी तिला हे नाव ठेवलं. घोडीचं नाव काकू. पोट किंचित सुटलेलं, रंग राखाडी, आणि चेहऱ्यावर कायम ‘आमच्या वेळी असं नव्हतं हो’ असा भाव. तिला दुसरं कुठलंही नाव शोभलं नसतं.

थोरलीला कामावरून दुपारी निघता येत नाही आणि मी नुकतीच निवृत्त झालेली, तेव्हा पोरीला क्लबवर नेण्या-आणण्याचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मी काही कुरकुर केली नाही. थर्मासभर चहा घ्यायचा, कठड्यामागच्या बाकावर बूड टेकायचं आणि बघत राहायचं. बघण्याची मला भारी हौस. माझी सगळी नोकरी विजेच्या ऑफिसात तक्रार खिडकीवर गेली. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याचा मीटर बंद आहे की बिल फुगलंय हे मला कळायचं, आणि त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकायचे. रांग एवढी लांब असायची की त्याचा कोणाला राग येत नसे. घरच्यांना येतो. थोरली तर म्हणते, ‘तुझ्यापुढे शिंकायचीही सोय नाही, अर्धी शिंक तूच देशील.’

तर ते रिंगण. वर पत्र्याचं उंच छप्पर, खाली वाळूत मिसळलेला लाकडाचा भुसा, कडेनं ओळीनं उलटे ठेवलेले तेलाचे रिकामे डबे आणि त्यांवर पांढऱ्या रंगात एकेक अक्षर. एका टोकाला भिंतभर आरसा, स्वाराला आपली बैठक दिसावी म्हणून. त्या आरशात स्वारापेक्षा काकूच स्वतःला जास्त न्याहाळायची. आठवड्यातले काही दिवस उड्यांचे. त्या दिवशी मधोमध आडव्या दांड्यांचे अडथळे मांडत. बाकीचे दिवस ड्रेसाजचे. ड्रेसाज म्हणजे काय ते मुंगीनं मला पहिल्या दिवशी समजावलं होतं. घोड्यानं या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत ठरलेल्या चालीनं जायचं. इथे साधी चाल, इथे दुडकी, इथे गोल, इथे एकदम स्तब्ध. आणि हे सगळं इतक्या अलगद झालं पाहिजे की बघणाऱ्याला वाटावं, स्वार काही करतच नाहीये.

मला तेव्हा तंतोतंत तसंच वाटलं होतं. स्वार काही करतच नाहीये.

बाई रिंगणाच्या बरोब्बर मध्ये उभ्या राहायच्या. साठीकडे झुकलेल्या, सडपातळ, बारीक कापलेले केस, गुडघ्यावर चामड्याचं ठिगळ लावलेली पँट, आणि एक खिसा गाजराच्या तुकड्यांनी टम्म फुगलेला. आवाज मात्र असा स्वच्छ की रेडिओवर बातम्या देणारीनं शिकवणी लावावी.

‘काकूऽऽ, चला. दुडकीऽऽ. छान. काकू, पाठ सैल सोडा. काकू, तुमच्या पाठीवरचं गाठोडं पुढे कलंडलंय, त्याला म्हणावं सरळ बस. काकू, त्याच्या टाचा वर आल्यात, खाली घ्यायला सांगा.’

गाठोडं म्हणजे आमची मुंगी. ती ऐकून टाचा खाली घ्यायची, पाठ ताठ करायची. काकू तोवर दुडकीवर गेलेलीसुद्धा असायची. बाकीच्या मुलींचंही तेच. कोणाच्या घोड्याचं नाव पहिलवान, कोणाच्या घोडीचं नाव खसखस. बाई पहिलवानाशी बोलायच्या, खसखशीशी बोलायच्या, आणि पोरी मध्ये बसून ऐकायच्या. लेकीला बोलून सुनेला लागावं, त्यातला प्रकार.

आणि ‘शाबास’ हा शब्द तर अगदी जपून वापरावा लागे. बाई ‘शाबास, काकू’ म्हणाल्या रे म्हणाल्या की काकू होती तिथे ब्रेक लावून उभी राहायची आणि मान वळवून गाजर मागायची. मुंगी तिच्या मानेवर आपटायची. बाई गाजर घेऊन जायच्या, काकू खायची, मुंगी नाक चोळत काकूला थोपटायची. सगळी शाबासकी काकूच्या पोटात जमा होत होती, त्यामुळे ते सुटलं होतं.

हे असं का? मला चैन पडेना. मोतद्दार काकूला खरारा करत होता, त्याला गाठलं.

‘बाई मुलींशी बोलत का नाहीत हो?’

‘बाईंना माणसांचं वावडं आहे,’ तो म्हणाला.

‘असं कसं असेल? शिकवतात तर माणसांनाच.’

‘तुम्हीच विचारा की,’ असं म्हणून तो घोडीच्या पलीकडच्या बाजूला गेला. तिथून तो मला दिसत नव्हता, म्हणजे संभाषण संपलं होतं.

मी काय, विचारलंच. बाई रिंगणातून बाहेर येत होत्या. मी आडवी गेले आणि म्हणाले, ‘बाई, आमची मुंगी कशी करते?’

बाई थांबल्या. त्यांचे ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. गळ्याची शीर ताठ झाली. ‘ब...’ त्या म्हणाल्या. ‘ब... ब...’

‘बरी?’ मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. मी तिथेच उभी. आत्ता तर ही बाई अख्ख्या रिंगणावर आवाज फिरवत होती, एक अक्षर अडलं नव्हतं! घोडीशी बोलताना ओघ आणि माणूस समोर आला की कुलूप. असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि खिडकीवर बसून मी पुष्कळ पाहिलंय.

मला त्यांची दया आली असं नाही. मला कुतूहल होतं, ते खरं सांगते. मदत करायची म्हणून मी त्यांची वाक्यं पुरी करत सुटले. त्या ‘ख...’ म्हणाल्या की मी ‘खोगीर?’ त्यांनी मान नकारार्थी हलवली की ‘खूर? खरारा?’ एकदा त्या हात झटकून निघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी काकूला सांगताना ऐकलं, ‘काकू, गाठोड्याचा खांदा बघा, डावा वर जातोय.’ खांदा! एवढंच होतं. पण माझ्या घाईत ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मग निवड चाचणी आली. विभागाच्या संघात जागा मिळवायची तर उड्या आणि ड्रेसाज दोन्हीत पास व्हावं लागे. मुंगीच्या डोळ्यांपुढे वर्षभर दुसरं काही नव्हतं. सकाळी उड्या झाल्या. काकूला अडथळा समोर दिसला की काही सांगावं लागत नाही, ती वयाचा विचार न करता झेपावते. एक दांडी पडली नाही. थोरली पहिल्यांदाच बघायला आली होती, तिनं माझा दंड पकडून स्वतः उडी मारायचंच तेवढं बाकी ठेवलं.

दुपारी ड्रेसाज. नियम असा की बाहेरच्या माणसानं स्वाराला किंवा घोड्याला काही सांगायचं नाही. शब्द नाही, चुटकी नाही, जिभेचा टकटक आवाज नाही. सांगितलं तर स्वार बाद. बाई प्रेक्षकांत आमच्याशेजारी उभ्या, हात मागे बांधून. क्लबच्या मुली दरवर्षी उड्यांत पुढे असायच्या आणि ड्रेसाजमध्ये शेवटून पहिल्या. सगळे म्हणायचे, परीक्षकांचा आपल्यावर दात आहे.

मुंगी आत आली. मधल्या रेषेवर थांबली, परीक्षकांना सलाम केला. आता दुडकी. मुंगीची टाच हलली, मला दिसली. काकू हलली नाही. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रिंगणाच्या मध्ये कोणीच नव्हतं. मुंगीनं परत टाच दिली. काकूनं मान वर केली, लोकांमधून नजर फिरवली, आणि तिला बाई दिसल्या. मग ती निघाली. ऐटीत, तिरकी, सरळ आमच्याकडे. रिंगणाच्या कडेला घोट्याएवढ्या फळ्या होत्या, त्या तिनं एकेक पाय उचलून नीट ओलांडल्या, लोकांनी वाट करून दिली, आणि तिनं बाईंच्या खांद्यावर नाक टेकलं.

घंटा वाजली. घोडा रिंगणाबाहेर गेला की स्वार बाद. लोक खो खो हसले. कोणीतरी म्हणालं, ‘आईकडे गेली!’ मुंगी खोगिरावर बसून पांढरीफटक पडली होती. बाई हसल्या नाहीत. त्या काकूच्या कानाकडे बघत होत्या. जणू तो कान त्यांना आजच दिसला होता.

घरी थोरलीच्या तोंडाचा पट्टा सुटला. ‘बस झालं. शहराच्या त्या टोकाला एक सर आहेत, माइक लावून शिकवतात. एकेक चूक तोंडावर सांगतात. उद्यापासून तिकडे.’

‘मला काकू पाहिजे,’ मुंगी म्हणाली.

‘काकू काय, ती तर स्वतःच्या मर्जीनं चालते!’

‘मग मला बाई पाहिजेत.’

पोर जेवली नाही. मी मध्ये पडले. उड्यांत पास झालेल्यांना महिन्यानं ड्रेसाजची आणखी एक संधी होती. ठरलं असं की तोवर मुंगी इथेच राहील. दुसऱ्यांदाही बाद झाली तर मुकाट्यानं माइकवाल्या सरांकडे. मुंगीनं होकार दिला, पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई रिंगणात आल्याच नाहीत. दारात उभ्या राहिल्या आणि हातानं खूण केली, चालव. मुंगीनं काकूला आत नेलं. काकू रोज बाई जिथे उभ्या राहतात तिथे गेली, भुशावरच्या त्यांच्या बुटांच्या ठशांचा वास घेतला आणि थांबली. मुंगीनं टाच दिली, लगाम हलवला, पुन्हा टाच दिली. काकूनं मागे वळून तिच्याकडे पाहिलं. बँकेच्या रांगेत मागच्यानं कोपर लावलं की आपण पाहतो, तसं.

‘मावशी,’ मुंगी मला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं, ‘मला काहीच येत नाही गं. आजवर सगळं काकूच करत होती. बाई तिला सांगायच्या आणि ती करायची. मी नुसती बसत होते.’

दारातून बाई निघून गेल्या. त्यांनी ऐकलं होतं.

सामानाच्या खोलीत त्या मला सापडल्या. भिंतीला खोगिरं टांगलेली, चामड्याच्या साबणाचा वास, छोट्या खिडकीतून उजेड. त्या एका उलट्या बादलीवर बसून लगाम पुसत होत्या. मीही दुसरी बादली उलटी केली, एक लगाम घेतला, साबणाचा बोळा घेतला. हात गुंतलेले असले तर तोंड गप्प राहील असा माझा हिशेब. त्या दिवशी मी त्यांचं एकही वाक्य पुरं केलं नाही, आणि त्यासाठी मला अख्खा लगाम, दोन रिकिबींचे पट्टे आणि पोटाखालून आवळायचा एक तंग घासावा लागला.

त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या पद्धतीनं सांगितलं, शब्दाशब्दाला थांबत, काही अक्षरांवर डोळे मिटत. वडील बर्फाच्या लाद्या पोचवायचे, घोडागाडीतून. ही लहानपणी शेजारी बसायची. शाळेत वाचायला उभं केलं की तोंड बंद व्हायचं, वर्ग हसायचा, मास्तर म्हणायचे बस खाली. एकदा न वाचलेला धडा तिनं संध्याकाळी घोड्याला वाचून दाखवला. धडा सरळ आला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मध्येच घोडा शिंकला, तेवढाच काय तो अडथळा. त्या दिवसापासून ती सगळं घोड्याला सांगू लागली. मोठेपणी या क्लबात घोड्यांची लीद काढायला लागली, पहाटे त्यांना फिरवता फिरवता बसायला शिकली, आणि सभासदांपेक्षा बरी बसायला लागली. जुने शिक्षक सोडून गेले तेव्हा मालकांनी तिलाच रिंगणात उभं केलं.

‘प-पहिल्या दिवशी,’ बाई म्हणाल्या, ‘स-सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. त-तोंड उघडेना. मग मी... घ... घ...’

मी पट्टा जोरजोरात घासला.

‘घोड्याला सांगितलं. घ-घोड्यानं ऐकलं. मुलींनी पण ऐकलं. म-मला वाटलं, जमलं.’

बाहेर कोणाचा तरी घोडा खिंकाळला. बाईंनी हातातला लगाम खुंटीला लावला, परत काढला, परत लावला.

‘आता स-सांगा,’ त्या म्हणाल्या, ‘इतकी वर्षं मी श-शिकवलं कोणाला?’

मी घासून झालेला पट्टा पुन्हा घासायला घेतला.

पुढचे काही दिवस वाईट गेले. बाई गप्प, काकू गोंधळलेली, मुंगी रडवेली. काकू निदान साधी चाल चालू लागली होती, तीही कंटाळून. बाई आता कठड्याशी माझ्याजवळ उभ्या राहायच्या. एका दुपारी त्यांनी मुंगीकडे बोट दाखवलं आणि मला सांगायला लागल्या, ‘तिची उ... उ-उजवी टाच उशिरा येते. ग-गोल सुरू व्हायच्या आधी...’

मी ऐकत होते, पण डोळे काकूवर. मी बाकावर बसून एवढे दिवस एकच गोष्ट बघत आले होते, ती म्हणजे काकूचे कान. बाई बोलल्या की ते कान त्यांच्याकडे वळायचे, पागेत असो, रिंगणात असो. आत्ता बाई बोलत होत्या आणि कान वळले नव्हते. एक पुढे होता. दुसरा मागे, मुंगीकडे.

‘बाई,’ मी म्हणाले, ‘काकूचा कान बघा.’

‘क-काय झालं?’

‘तुम्ही बोलताय. तिचं लक्षच नाही तुमच्याकडे.’

बाई कठड्यावर वाकल्या आणि आपल्या त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, ‘काकूऽऽ, दुडकीऽऽ.’ दोन्ही कान गर्रकन इकडे फिरले आणि काकू दुडकीवर गेली, मुंगी खोगिरावर उडाली. बाई माझ्याकडे वळल्या. ‘म-मावशी, ब-बघा हं. आ... आता मी तुमच्याशी ब-बोलते.’ त्या बोलत राहिल्या, अडखळत, काहीही, हवापाणी, भुसा बदलायला हवा वगैरे. काकूचा एक कान हळूहळू मागे गेला आणि तिथेच राहिला.

अडखळणाऱ्या बाई म्हणजे माणसांशी बोलणाऱ्या बाई. त्या बोलण्यात आपल्याकरता काही नसतं, हे काकूला पक्कं ठाऊक होतं.

बाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं, पुढचा एक दात किंचित वाकडा होता. आणि मग ते हसू विझलं, कारण पुढचं त्यांच्याही लक्षात आलं. याचा उपयोग करायचा तर त्यांना मुंगीशी बोलावं लागणार होतं. रिंगणाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, असं अडखळत, सगळ्या मुलींसमोर, बाकावर बसलेल्या त्यांच्या आयांसमोर.

‘म-मला नाही ज-जमायचं,’ त्या म्हणाल्या आणि पागेत गेल्या.

मी पाठोपाठ गेले नाही. मला जायचं होतं, खूप. पण मी बाकावर बसून राहिले आणि चहा पीत राहिले, तो केव्हाच गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी बाक भरलेला होता. पहिलवान आणि खसखसही रिंगणात होते. बाई कठड्याशी आल्या, दोन्ही हातांनी कठडा धरला, बोटं पांढरी होईपर्यंत.

‘म...’ त्या म्हणाल्या. ‘म... म...’

बाकावरच्या आया एकमेकींकडे बघू लागल्या. मुंगी काकूवर बसून समोरच्या भिंतीजवळून गेली, आरशाजवळून गेली, वळली, परत आमच्यासमोर आली. रिंगणाची अख्खी फेरी झाली.

‘...मुंगी. उ-उजवी टाच.’

खसखशीवरची मुलगी फिसकन हसली. मुंगीनं मान वळवून तिच्याकडे एकच कटाक्ष टाकला, आणि थोरलीची लेक शोभली. नंतर कोणी हसलं नाही. मुंगीनं उजवी टाच लावली. काकूचा कान मागे गेला, आणि ती वळली. बाईंच्या सांगण्यावरून नाही. मुंगीच्या टाचेवरून.

‘मावशी, वळली!’ मुंगी ओरडली. ‘मी वळवली तिला!’

पुढचे दिवस असेच. ‘ल... ल...’ म्हणता म्हणता काकूची एक फेरी व्हायची आणि ‘लगाम सैल’ येईपर्यंत मुंगीनं बरेचदा तो आपणच सैल केलेला असायचा, कारण वाट बघता बघता आपलं काय चुकतंय हे शोधायला पोरीला भरपूर वेळ मिळायचा. कधी तिनं भलतंच केलेलं असायचं. मग पुन्हा एक फेरी. बाईंचं अडखळणं काही कमी झालं नाही. मी एकदा गमतीनं म्हणाले, ‘कमी होऊ देऊच नका, नाहीतर काकू परत कान टवकारेल.’ बाई एवढ्या हसल्या की त्यांना कठड्याला टेकावं लागलं. पण घामानं त्यांची पाठ रोज ओली व्हायची, ती मी पाहत होते. हे त्यांना सोपं जात नव्हतं.

चाचणीच्या दिवशी थोरली आली, हाताची घडी घालून. तिच्या पर्समध्ये माइकवाल्या सरांचा नंबर लिहिलेला कागद होता, तो तिनं मला मुद्दाम दाखवला.

मुंगी आत आली. मधली रेषा, थांबा, सलाम. आणि काकू थांबली ती थांबलीच. तिनं मान वर केली. लोकांमधून नजर फिरवली. तिला बाई दिसल्या. दोन्ही कान ताठ, आमच्या दिशेनं.

माझ्या शेजारी बाईंनी श्वास आत घेतला. तो श्वास मला ऐकू आला. ओठ उघडले. एक शब्द, तो सवयीचा सरळ शब्द, अगदी जिभेवर आलेला. तो निसटला असता तर काकू दुडकीवर गेली असती आणि मुंगी बाद झाली असती. बाईंनी खिशात हात घातला, गाजराचा मोठा तुकडा काढला आणि आपल्याच तोंडात कोंबला. आणि कराकरा चावायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या चावत होत्या.

काकूनं ते पाहिलं. आपलं गाजर दुसऱ्याच्या तोंडात जाताना तिनं बहुधा प्रथमच पाहिलं असेल. मग मुंगीची टाच हलली. काकूचा डावा कान जरासा थरथरला आणि मागे वळला. ती निघाली. दुडकीवर, सरळ, रेषेवरून.

सगळं काही छान झालं असं नाही. एक गोल बटाट्यासारखा झाला. एके ठिकाणी चाल बदलायला उशीर झाला, परीक्षकांनी मान हलवली, चांगल्या अर्थानं नाही. पण तो कान शेवटपर्यंत मागेच राहिला. मी बाकी काही बघितलंच नाही. यादी जाहीर झाली तेव्हा मुंगीचं नाव सगळ्यांत शेवटी होतं, पण होतं. थोरलीनं डोळे पुसले, पर्समधला कागद काढला आणि त्यातच नाक शिंकरलं.

मुंगी काकूला लगाम सैल सोडून हळूहळू चालवत आमच्या बाजूनं येत होती, घोडी निवावी म्हणून. बाई पुढे झाल्या. आजूबाजूला मुली होत्या, आया होत्या, परीक्षकांपैकीही कोणी होतं.

‘श...’ बाई म्हणाल्या.

शब्द मला कळला होता. थोरलीला कळला होता. तिथल्या प्रत्येकाला कळला असेल. माझ्या अगदी ओठांवर होता. मी थर्मासचं झाकण काढून कढत चहाचा घोट घेतला आणि जीभ पोळून घेतली.

‘श... श...’

काकू चालत होती. सगळे थांबून होते.

‘शाबास, म-मुंगी.’

काकू थांबली नाही. तिनं गाजरासाठी मान वळवली नाही. ती तशीच चालत राहिली, एक कान मागे ठेवून. मुंगीनं सवयीनं हात पुढे करून तिच्या मानेवर थोपटलं, दोनदा. मग तिचा हात तिथेच थांबला, आणि तिनं वळून बाईंकडे पाहिलं.